गार पाय

दादा,

बाबांना मी घरी न ठेवता आमच्या शेवटच्या आजाराच्या वॉर्डात आणलं, तेव्हापासून तू अबोला धरलायस.

इथे आम्ही नर्सा आधी पांघरुणात हात घालून पेशंटचे पाय चाचपतो. गार पडले की घरच्यांना बोलावून घ्यायचं. माझ्या स्वप्नात गेलेलेच येतात, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतात. त्याची सवय झालीय. काल त्यांच्यात तू होतास. सवयीनं पाय चाचपले. गार.

सकाळी वॉर्डातून फोन लावला. "कोण आहे? बोला ना! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" असा खेकसलास. एवढा दम आमच्याकडे कुणाला नसतो. मी गुपचूप फोन ठेवला आणि डबा चाटूनपुसून खाल्ला.

तरी मोजे घालून झोपत जा.

तुझी,
मिठाची गुळणीवाली धाकटी