मला कोण फसवणार!

२ मार्च, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर दयाळू होते म्हणून. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचणारी मीच, तेव्हा लाज कसली.

कारण असं झालं. गेल्या महिन्यात मेसेज आला की तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे. मी काहीच मागवलं नव्हतं. पण म्हटलं, कोणी प्रेमाने पाठवलं असेल, कशाला परत जाऊ द्यायचं! पत्ता भरला, जन्मतारीख भरली, कार्डाचा नंबरही भरला. पार्सल आजतागायत आलं नाही. मुलाने दोन दिवस बँकेत खेटे घातले आणि घरी येऊन म्हणाला, आई, आणखी एकदा असं झालं तर हा फोन बंद, बटणांचा साधा फोन आणून देईन.

बटणांच्या फोनात नात दिसत नाही. ती लांब होस्टेलवर राहून शिकते. रोज संध्याकाळी सहाला फोनमध्ये तिचा चेहरा येतो, केस पिंजारलेले, मागे दोरीवर टॉवेल. तेवढं बघितलं की माझा दिवस भरला.

तेव्हा संकल्प: यापुढे मला कोणीही फसवणार नाही. म्हणजे नाहीच.

३ मार्च

नातीने फोनवरून शिकवणी घेतली. जो घाई करतो तो चोर. निळ्या अक्षरांवर बोट ठेवायचं नाही. नवा नंबर घेऊन कोणी आपलं माणूस म्हणून आलं, तर जुन्या नंबरावर फोन करून विचारायचं. फोनवर सहा आकडे आले तर ते कोणालाही सांगायचे नाहीत. ईमेल आला तर पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर तपासायचा.

शिवाय आमचा दोघींचा एक गुप्त शब्द ठरला. तिचा कापडी हत्ती होता, एक पाय तुटलेला, त्याला ती लंगडे सरकार म्हणायची. म्हणाली, आजी, मी स्वतः जरी काही मागितलं तरी आधी शब्द विचार. शब्द आला नाही तर ती मी नव्हे.

काय डोकं आहे पोरीचं! माझ्यावर गेलीय. लहानपणी मात्र पाढे येत नसत. सूनबाई विचारायला बसली की मी तिच्या पाठीमागे उभी राहून बोटांनी उत्तर दाखवायची. शेवटी सूनबाई म्हणाली, आई, परीक्षा तिची आहे, तुम्ही स्वयंपाकघरात बसा.

५ मार्च

पहिला चोर धरला! मेसेज होता, आज रात्री नऊला वीज तोडणार, ताबडतोब या नंबरावर बोला. मी म्हटलं, बोलते हं! ब्लॉक. नऊला खुर्चीत बसून दिव्याकडे बघत राहिले. दिवा जळतच होता. झोप छान लागली.

६ मार्च, दुपार

दुसरा चोर. हा महाबेरकी. लिहितो, आपली कवळी तयार आहे, कृपया आजच येऊन घेऊन जावी. आजच! घाई दिसली की चोर. माझ्या दातांचं याला कुठून कळलं कोण जाणे. ब्लॉक.

कवळीवरून आठवलं. दंतवैद्याने माप घेऊन तीन आठवडे झाले. तयार झाली की कळवू म्हणाला होता. अजून पत्ता नाही. दुधात पाव भिजवून खातेय. लोकांना कामाची चाड राहिली नाही.

९ मार्च

ईमेल! बँकेचं नाव, बँकेचं चित्र, खातं बंद होणार म्हणे. पाठवणाऱ्याचा पत्ता इंग्रजीत, तो मला वाचता येत नाही, पण मोजता तर येतं. बटणांचा डबा घेतला. पासबुकावर बँकेचा ईमेलचा पत्ता आहे, त्यातल्या प्रत्येक अक्षराला एक बटण ठेवलं, खाली आलेल्या ईमेलच्या पत्त्यातल्या अक्षरांची रांग लावली. खालच्या रांगेत दोन बटणं जास्त! सूनबाईला दाखवलं तर ती म्हणाली, आई, कमाल केलीत. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई इमारतभर सांगत सुटल्या. सगळ्या बायका म्हणे माझ्याकडून ऐकायला उत्सुक आहेत. शनिवारी पाचला खालच्या हॉलमध्ये माझं भाषण!

मुलगा म्हणाला, बघू या. हा त्याचा स्वभावच. त्याचा बापही असाच होता, लग्नात हार घालतानासुद्धा बघू या म्हणाला.

११ मार्च

कवळीवाला चोर दुसऱ्या नंबरावरून आला. दोन वेळा कळवूनही आपण आला नाहीत, म्हणतो. वर तोंड करून रागावतोय! ब्लॉक. भाषणात याला घेणार आहे.

दंतवैद्य अजून गप्पच. पाव संपला.

१४ मार्च, शनिवार, सकाळी ११.४०

आज मोठी गोष्ट झाली, ताजी ताजी लिहून ठेवते.

नव्या नंबरावरून मेसेज आला. आजी, फोन पाण्यात पडला, हा मैत्रिणीचा नंबर, बोलता येत नाही, तुझ्या फोनवर सहा आकडे येतील ते लवकर पाठव, नाहीतर माझा फॉर्म राहील.

मी हुरळले नाही. ठणकावून विचारलं, शब्द?

तर म्हणते, आजी, घाबरलेय गं, आठवत नाही.

मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. नियम म्हणजे नियम. खेळणं होतं एक, बघ आठवतंय का.

म्हणाली, बाहुली.

अगं, बाहुली काय! प्राणी.

ससा.

मोठा प्राणी.

हत्ती!

शाब्बास. पण नाव हवं. परत अडली. परीक्षेत हिचं असंच व्हायचं, पोटात सगळं असतं, ओठावर येत नाही. म्हटलं, त्याच्या पायाला काय झालं होतं? म्हणाली, मोडला होता. मग अशा माणसाला काय म्हणतात? म्हणाली, लंगडा. मी म्हटलं, अर्धं आलं! आता मान देऊन बोल. लंगडे महाराज म्हणाली. लंगडे साहेब म्हणाली. मी म्हटलं, अगं, ऑफिसात कागद कोणाच्या नावाने अडतात? तेव्हा कुठे म्हणाली, सरकार.

पास! मगच आकडे पाठवले, त्याआधी नाही. कोणालाही सांगू नको म्हणाली होती, पण नात म्हणजे काय कोणीही आहे? जुन्या नंबरावर फोन करायचा राहिला, पण तो पाण्यात पडलाय, लागणार कसा.

आता माझं मेसेजचं ॲप आपोआप बंद झालंय. मी चाप लावल्यावर घाबरलं असेल बिचारं. भाषणात ही गोष्ट शेवटी सांगायची. टाळ्या नक्की.

त्याच दिवशी, सात वाजता

टाळ्या झाल्या नाहीत.

सुरुवात झोकात झाली. दात नसल्यामुळे शब्द थोडे निसटत होते, पण बायका जीव लावून ऐकत होत्या. कवळीवाल्या चोराचं सांगितलं, एका म्हातारीच्या दातांवरून फसवतो, जनाची नाही तर मनाची तरी! तर पुढच्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरची मुलगी उठली. ती दंतवैद्याकडे काउंटरवर बसते. म्हणाली, आजी, ते आम्हीच. कवळी आठ दिवस डब्यात पडलीय. तुम्ही आमचे दोन्ही नंबर ब्लॉक केलेत.

मी म्हटलं, अतिदक्षता वाईट नसते. लोक हसले, तेही सावरून नेलं.

मग नातीच्या परीक्षेवर आले. शाब्बास, पास, असं म्हणते न म्हणते तोच हॉलभर फोन वाजले. सगळ्यांचे एकदम. शिंपीणबाईंनी मोठ्याने वाचलं. मेसेज माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट: मी दवाखान्यात आहे, लगेच पैसे पाठवा, फोन करू नका.

मी माइक हातात धरून समोर उभी. शिंपीणबाई एकदा फोनकडे बघतात, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, आजी, तुम्ही तर बऱ्या दिसताय.

माझं ॲप बंद, म्हणून तेवढ्यात सूनबाईच्या फोनवर सहाचा व्हिडिओ कॉल आला. नात. केस पिंजारलेले, मागे टॉवेल. फोन कोरडा. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, लंगडे सरकार, आजी, तुझ्या नावाने मला काय मेसेज आलाय?

एका दमात. एकही खूण न घेता. तेव्हा कळलं की सकाळी मी कोणाला पास केलं.

१५ मार्च, रविवार

मुलगा बटणांचा फोन आणणार म्हणून मी पहाटेपासून नातीचे चेहरे मनात साठवत बसले होते.

तो उठला, चहा घेतला, खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग सूनबाईच म्हणाली, सांगा ना आईंना. तर कळलं की इमारतीत कोणी एक पैसा पाठवला नाही, कारण मी सगळ्यांच्या समोर उभी होते. पाठवले फक्त याने. ऑफिसात मेसेज बघितला आणि फोनसुद्धा न करता पाठवले. म्हणाला, आई दवाखान्यात म्हटल्यावर मला काही सुचलंच नाही.

मला रडू यायला हवं होतं, पण आनंदच झाला. काय करू. त्यांना मात्र सांगितलं नाही.

बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली, माझं ॲप परत मिळालं, इमारतीत सगळ्यांची माफी मागितली. बटणांच्या फोनाचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

कवळी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने आणून दिली. बसलीय छान. भाषण आज ठेवलं असतं तर!

१६ मार्च

नवा गुप्त शब्द ठरला आहे. नातीला माहीत आहे, सूनबाईला माहीत आहे. मला आणि मुलाला सांगितलेला नाही. कोणीही काहीही मागितलं, की आम्ही दोघांनी फोन निमूटपणे सूनबाईच्या हातात द्यायचा.

मी भाजी निवडता निवडता सूनबाईला सहज विचारलं, प्राणीच आहे ना? ती म्हणाली, आई, स्वयंपाकघरात बसा. मी म्हटलं, तिथेच तर बसलेय.