छातीतलं पाणी

५ मार्च १९६४

तीर्थरूप बाबा,

एमबीबीएसले माहा दुसरा नंबर आला, तं तुमी महिनाभर माह्यासंगं बोलले नाही. म्हणून एम.डी.च्या परीक्षेत मी काय केलं, ते आज लिहून राहिलो.

तुमची बहीण जाईआत्या भातकुलीहून माह्याच वॉर्डात भरती झाली. छातीत पाणी होतं. सुईनं काढलं असतं तं तिले दम घेता आला असता. पण परीक्षेसाठी असे पेशंट तसेच राखून ठेवतेत. पाणी काढलं तं परीक्षकाले दाखवाले काय उरते? परीक्षा आठ दिवसांवर होती. परीक्षेत तपासाले मले आत्याचीच खाट मिळावी, अशी सोय मी करून ठेवली.

"देवमन, पाणी कावून नाही काढून राहिला रे?" ती रोज विचारे. मी रोज "काढतो" म्हटलं.

परीक्षकाले तिचीच छाती दाखवून माहा पहिला नंबर आला. आत्याले जाऊन चार दिवस झाले होते, तरी तुमी पेढे वाटले.

आता मी इथंच शिकवतो, परीक्षेचे पेशंट मीच निवडतो. तुमच्याही छातीत पाणी झाल्याचं पत्र काल मिळालं. हे लिहिलेलं पेटीत ठेवतो. तुमाले नुसतं कार्ड टाकलं: "परीक्षा एप्रिलात हाय. तोवर अमरावतीच्या डॉक्टरले पाणी काढू देऊ नका. इकडंच या."

तुमचा पहिल्या नंबराचा,
देवमन