शपथेवरचा नवरा

विनिपेग
१४ जानेवारी २०१९

ती. न्वाकेगोताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पाहून तुला वाटेल, धाकट्याचा फोन तरी मोडला किंवा डोकं तरी फिरलं. दोन्ही शाबूत आहेत. रविवारी आपण फोनवर तासभर बोललो, त्यातलंच पुन्हा कागदावर लिहितोय. आमच्या वकीलबाईंचं म्हणणं असं की फोनवरचं बोलणं हवेत जातं आणि पोस्टाचा शिक्का बसलेलं पाकीट पुराव्याला उभं राहतं. घरची माणसं या लग्नाबद्दल एकमेकांना काय लिहितात तेही साहेबलोक वाचतात म्हणे. तेव्हा साहेब, वाचत असाल तर तुम्हालाही नमस्कार.

अक्वाउगोला इकडे आणायचा अर्ज आता तयार होतोय. अडचण अशी की लग्नाला दीड वर्ष झालं, पण आम्ही एका छपराखाली राहिलो ते माझ्या दोन रजांपुरतं. मी इथे बर्फातून बस चालवणार आणि ती तिकडे एनुगूला तुझ्याबरोबर राहणार, याला इथे कुणी संसार म्हणत नाही. लग्न नुसतं कागदासाठी केलेलं नाही हे आम्हीच दाखवायचं. आणि एकदा का फायलीवर लग्न दिखाऊ असल्याचा शेरा पडला की तो जन्मभर पुसत नाही. अक्वाउगो छत्तिशीची, मी बेचाळीसचा. आणखी चार वर्षं वाट बघायला आम्ही काही कॉलेजातली पोरं नाही.

म्हणून तुझ्या पाया पडतो. लग्नाचे फोटो शोध. तिच्या माहेरच्यांनी आपल्याला दिलेली देण्याघेण्याची यादी काकांच्या पेटीत असेल, ती सहीनिशी हवी. काकांचं एक पत्रही हवं. आणि अक्वाउगोला सांग, नवऱ्याशी फोनवर झालेलं सगळं लिखाण छापून पाठव. माझा जुना फोन बर्फात पडून गेला, त्यामुळे माझ्याकडे काही उरलेलं नाही. सगळं थेट वकीलबाईंच्या पत्त्यावर येऊ दे.

तुझ्या बायकोला, म्हणजे अक्वाउगोला, माझा निरोप सांग. माझंही थोडंफार नातं लागतं तिच्याशी.

आहे तो लोभ तसाच ठेवावा, ही विनंती.
तुझा
ओबिओरा


एनुगू
१० फेब्रुवारी २०१९

चि. ओबिओरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टातल्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मेलेल्यांतून उठून आले आहे. तिच्या खिडकीशी हल्ली नुसत्या नोटिसा येतात म्हणे.

आधी काकांचं सांगते. ओझोएमेनाकाकांना पत्र हवं म्हटल्यावर त्यांनी आधी चघळायला कोलाचं बी मागितलं, मग ताडी मागितली, मग चष्मा सापडेना. शेवटी मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. त्यात तुझी बायको असं लिहा म्हटलं तर पेन खाली ठेवून माझ्यावरच उखडले. लग्न होऊन घरात आलेली बाई एकट्या ओबिओराची कशी, ती आख्ख्या घराची बायको, आणि म्हाताऱ्याला खोटं लिहायला लावू नकोस म्हणाले. मग आमची बायको असंच लिहिलं. सही मात्र झोकात केली आहे.

फोटोंबद्दल बोलण्यात अर्थ नाही. तो फोटोवाला तुझा मित्र म्हणून मी गप्प राहिले होते. मांडवाचे फोटो आहेत, भाताच्या पातेल्याचे चिकार आहेत, तिच्या मामाचे तर इतके आहेत की लग्न त्याचंच होतं असं वाटावं. ताडीचा पेला घेऊन ती गर्दीत तुला शोधत आली आणि गुडघे टेकून तुझ्या हातात पेला दिला, तो एवढा मोठा क्षण, त्याचा एकच फोटो. त्यात तुझ्या तोंडापुढे कुणाचा तरी डोईचा निळा पटका आला आहे. कुणाचा ते विचारू नकोस. त्या दिवसासाठी नवीन घेतला होता.

फोनवरचं छापायला आम्ही दोघी गेलो. अक्वाउगोने फोन त्या दुकानदारापुढे धरला आणि ‘माझा नवरा’ या नावाखालचं असेल नसेल ते सगळं छाप म्हणाली. केवढा गठ्ठा झाला! मी त्याला वर छापायला सांगितलं, वाचायला नाही. नवराबायकोचं बोलणं आहे, आपण कशाला नाक खुपसा, म्हणून मीही एक ओळ वाचली नाही. दुकानातच सुतळीने बांधून पाकिटात घातलं. अक्वाउगो लाजून बाहेर जाऊन उभी राहिली होती.

माझे गुडघे ठीक. धुळीच्या वाऱ्यात जरा कुरकुरतात, पण बायको रोज तेल लावून देते. बाजारात कापडाला उठाव नाही. तू जेवतोस का नीट? फोनवर हो म्हणतोस, आता कागदावर लिहून दे.

तुझ्यावर जीव आहे, तो लपवून काही उपयोग नाही.
न्वाकेगो


विनिपेग
२ जुलै २०१९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

कचेरीतून कागद आला आहे. त्यांना आमच्या लग्नाबद्दल संशय आहे, आणि संशयाचं कारण तो गठ्ठा. त्यांनी लिहिलंय की अर्जदार बाई ज्याला माझा नवरा म्हणते तो माणूस एनुगूत राहतो, तिला रोज भेटतो, तिच्या हातचं खातो, तिला पाऊस यायच्या आत घरी बोलावतो आणि तिच्याकडून गुडघ्यांना तेल लावून घेतो. तो तिला माझी बायको म्हणतो. मग विनिपेगमध्ये बस चालवणारा हा गृहस्थ कोण?

वकीलबाईंनी पाठवण्याआधी वरवर चाळलं होतं. जेवण झालं का, लवकर ये, तुझ्यावाचून घर खायला उठतं, असं सगळं दिसलं. इतका प्रेमळ पुरावा त्यांनी वकिलीत पाहिला नव्हता म्हणे. खुशीतच जोडून टाकला.

ताई, तुझ्यापासून काय लपवू? त्यांनी मला पहिली दोन पानं दाखवली. हा कोण पुरुष माझ्या घरात बसलाय, असं मला खरंच वाटलं. तिसऱ्या पानावर त्या पुरुषाने लिहिलं होतं की माझा निळा पटका इस्त्रीला दे आणि झंपर काखेत काचतोय, तेवढा उसव. मग मी वकीलबाईंच्या खुर्चीत बसून असा हसलो की त्यांनी पाणी मागवलं. हसू ओसरल्यावर मात्र रडू आलं. घरच्या सुनेला नवऱ्याची बहीणही नवराच, ही आपल्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट या लोकांना कशी पटवायची?

त्यात तो फोटो. पेला घेऊन गुडघे टेकलेली बायको आणि समोर तू. त्यांनी त्याचाही उल्लेख केला आहे.

अक्वाउगोला ऑगस्टमध्ये लागोसला मुलाखतीला बोलावलं आहे. त्याआधी तुझं कोर्टातलं शपथपत्र हवं. वकीलबाईंनी मजकूर सांगितलाय, एकच ओळ आहे: मी अक्वाउगोचा नवरा नाही. एवढं शपथेवर लिहून दे की काम झालं. आमचं दोघांचं खरं लिखाणही या वेळी पाठवा, पण वाचून पाठवा!

लोभ कमी होऊ देऊ नकोस, सध्या त्याची फार गरज आहे.
ओबिओरा


एनुगू
१६ जुलै २०१९

चि. ओबिओरास,
अनेक आशीर्वाद.

उभ्यानेच वाचलं. माझे गुडघे साता समुद्रापार सरकारी कागदावर चढले, हे वाचून बसावं लागलं. अक्वाउगोने दोन दिवस जेवण टाकलं. सारखी म्हणते, माझ्याच हाताने माझा संसार मोडला. मी विचारलं, अगं भवाने, मग त्याचं नाव फोनमध्ये काय लिहिलंस? तर म्हणे, ओबिओरा बसवाला. आता सांग, यात त्या साहेबाचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेले. तिथला कारकून आपल्याकडचाच, उदी गावचा. त्याला तुझ्या वकीलबाईंची ओळ दाखवली. त्याने टाइप करायला घेतली आणि मध्येच हात काढून विचारलं, की बाई, ती तुमच्या भावाची बायको ना? मग तुम्ही तिचा नवरा नाही असं शपथेवर कसं सांगता? ही खोटी साक्ष होईल. मी म्हटलं, तू टाइप कर. तर म्हणाला, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून या.

काकांकडे गेले. ओबिओरा, काकांना एवढं चिडलेलं मी बाबा गेले त्यानंतर पाहिलं नव्हतं. या घराची लेक कोर्टात उभी राहून घरची बायको नाकारणार? म्हणाले, हे तिच्या माहेरी कळलं तर उद्या ते ताडीचे घडे परत आणून अंगणात ठेवतील, आणि ते घडे परत आले की लग्न संपलं, मग कॅनडाला कुणाला नेतोस ते ने. आणि ते खरंच आहे. तिच्या आईला मी ओळखते. ती घडे स्वतः डोक्यावर घेऊन येईल.

म्हणजे नवरा नाही म्हणावं तर इथलं लग्न मोडतं, नवरा आहे म्हणावं तर तिथला अर्ज मोडतो. रात्रंदिवस तेच डोक्यात. दुकानात एका बाईला सहा वाराचं कापड मापताना आठ वार कापलं.

शेवटी मला जे खरं वाटतं तेच लिहून आणलं. वकीलबाईंना आवडो न आवडो. सोबत नक्कल आहे, पण इथेही उतरवते: “अक्वाउगो माझ्या वडिलांच्या घरात लग्न होऊन आली, म्हणून आमच्या रीतीने मी तिचा नवरा आहे. तिने दिलेला पेला जो प्यायला आणि जो तिच्याशी संसार करतो, तो माझा भाऊ ओबिओरा. फोटोत त्याच्या तोंडापुढे आलेला पटका माझा आहे. मी बाईमाणूस आहे, विधवा आहे, आणि आम्ही दोघी एकाच घरात राहतो.”

कारकुनाने शिक्का मारला आणि म्हणाला, आता एकही शब्द खोटा नाही. काकांनीही मान डोलावली. बघू या आता.

जीव लावून आहे, आणि जेवून घेत जा.
न्वाकेगो


एनुगू
२४ ऑगस्ट २०१९

प्रिय ओबिओरा,
स. न. वि. वि.

नवऱ्याला पत्र कसं सुरू करतात ते ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, मला कधी लिहिलंयस का? फोनवर मी नुसती रडले आणि तुम्हाला काही कळलं नाही, म्हणून नीट लिहिते.

साहेब नव्हता, चष्मेवाली तरुण बाई होती. ताईंना बाहेर बसवलं. तुमच्या चहाची सवय, तुमची बस, तुमच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं, असं खूप विचारलं. मी सगळं सांगितलं. तुम्ही अर्धा चहा तसाच टाकता हेही सांगितलं. मग तिने तो गठ्ठा काढला. मला वाटलं, झालं. त्यात जागोजाग पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. बाईने सगळी पानं वाचली होती, ओबिओरा. आपण कुणीच न वाचलेली.

तिने मला एकेक चिठ्ठी उघडून दाखवली. ताईंनी जवळजवळ रोज लिहिलंय, ओबिओराला फोन केलास का, आधी त्याला कर आणि मग जेव. एकदा लिहिलंय, काल त्याचा आवाज उतरलेला होता, तू काय बोललीस ते सांग. एकदा आपण भांडलो होतो तेव्हाचं, की तो हट्टी आहे पण मनाने साधा आहे, तू मोठेपणा घे. ती बाई म्हणाली, खोटी लग्नं करणारे एकमेकांना बदाम पाठवतात, पण नणंदेची ही रोजची कटकट कुणी रचून आणत नाही.

मग ताईंना आत बोलावलं आणि त्या कोण ते विचारलं. ताईंनी ताठ उभं राहून नवरा म्हणून सांगितलं. मी त्यांची बाही ओढली. पण ती बाई हसली. तिने शपथपत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं की हिला जाऊ दिलं तर तुमच्या गुडघ्यांना तेल कोण लावणार? ताई म्हणाल्या, तुम्ही तुमचा शिक्का मारा, गुडघे माझे मी बघते.

पासपोर्ट ठेवून घेतला आहे. बाहेरचे लोक म्हणतात, ठेवून घेतला म्हणजे झालं.

 परतीच्या बसमध्ये ओनित्शाचा पूल ओलांडल्यावर ताई म्हणाल्या की तुझ्यासाठी एक जाड कोट शिवून घ्यायला हवा. मला तुमच्याकडे यायचं आहे, खूप यायचं आहे. पण त्या वेळी माझ्याने त्यांच्याकडे बघवलं नाही.

तुमची, आणि थोडी त्यांची,
अक्वाउगो


एनुगू
३ नोव्हेंबर २०१९

चि. सौ. अक्वाउगो हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. चि. ओबिओरालाही.

पोचलीस, कोट अंगाला बसला, हे फोनवर कळलं. आता अर्ज मंजूर झाला, पुराव्याची गरज नाही, तेव्हा पाकिटं पाठवायचं कारण संपलं. तरी आज पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईने न विचारता तिकीट काढून ठेवलं होतं.

इकडे सगळं बरं आहे. वाफवलेल्या ओक्पाच्या वड्या विकणारी सवयीने अजून दोनच देते, मीही दोन घेते, एक सकाळी खाते आणि एक तशीच राहते. गुडघ्यांना तेल माझं मी लावते. खाली वाकलं की वर यायला वेळ लागतो, एवढंच. घर खायला उठतं असं मी तुला लिहीत असे ते तू तासभर बाजारात गेलीस तरी लिहीत असे. तेव्हा उगाच लिहिलं. तो शब्द आतासाठी ठेवायला हवा होता.

एका कामासाठी गेल्या आठवड्यात कोर्टात गेले होते. त्या उदीच्या कारकुनाला म्हटलं, माझ्या शपथपत्रात शेवटी लिहिलंय की आम्ही दोघी एकाच घरात राहतो. ते आता खोटं झालं, दुरुस्त करून दे. तो म्हणाला, काम झालेल्या कागदाला कुणी विचारत नाही, राहू द्या. पण मला ते पटत नाही. शपथेवरचं खोटं माझ्या नावावर मी ठेवून घेणार नाही. तेव्हा पुढच्या नाताळात दोघं इकडे या, निदान महिनाभर राहा, आणि माझा कागद खरा करून जा.

ओबिओराला अर्धा चहा टाकू देऊ नकोस. मला फोन करण्याआधी त्याचं जेवण झालंय का ते बघ.

तुझा,
कोर्टाचा शिक्का बसलेला नवरा,
न्वाकेगो