तेवीस किलो, मातीसकट

३ ऑक्टो.
ऐन सोयाबीनच्या गर्दीत ठाण्याचे फौजदार दुकानावर. सेठ, काटा घ्या अन् चला, पंच म्हणून सही बी लागते. गिऱ्हाईक सोडून गेल्तो. नामदेव तात्याच्या तुरीत गांजाची झाडं निघाली. मुळासकट उपटलेली, सकाळच्या पावसानं चिंब. काट्यावर टाकली. तेवीस किलो दोनशे. सही केली, काटा पुसला, आलो. तात्या बांधावर बसून माझ्याकडंच बघून राह्यला होता. मी काय करू? झाडं मी लावली का?

६ ऑक्टो.
मेव्हण्याचा फोन. त्याचं बी भुसार दुकान, पण शेजारच्या जिल्ह्यात. त्यालाबी मागं असंच काट्यासकट नेल्तं. तिकडच्या साहेबांनी म्हणे फुलांचे शेंडे तेवढे खुडले, कायद्यानं गांजा म्हंजे तेवढंच. मूळ, खोड, पाला बाजूला. मंग वजन. ढीगभर झाडं, भरली दीड किलो. माणूस जामिनावर घरी. तिकडं कायदा येगळा हाय का, विचारलं. म्हणला, कायदा तोच हो, साहेब येगळे.
जेवण गेलं न्हाई.

८ ऑक्टो.
तात्या कोठडीत. त्याचा वकील स्टँडवर भेटला. वीस किलोच्या आत असतं तर जामिनाचं जमलं असतं म्हणे. वर गेलं की दहा वर्षांच्या सजेची गोष्ट. मुळाला माती किती होती, विचारलं त्यानं. बघितलं न्हाई म्हणलो. साफ खोटं. मी अन् माती बघणार न्हाई? पोत्यात हात घातला की ओल किती, कचरा किती, सांगतो. तात्यानं झाडं लावली हे खरं, चिलीम ओढतो हे गावाला ठाऊक. पण दहा वर्षं? पासष्टीचा माणूस...

११ ऑक्टो.
तात्याची बायको कौसाबाई सोयाबीन घेऊन आल्ती. ओलं होतं. सवयीनं बोलून गेलो, ओल अन् माती, पोत्यामागं दोन किलो कापावी लागंल. ती म्हणली, "कापा, सेठ. त्या दिशी का न्हाई कापली?"
दुकानात चार माणसं. पूर्ण वजन धरलं. शरमेनं मेलो.

१३ ऑक्टो.
फौजदारांना चहाला बोलावलं. सहज काढल्यावानी विषय काढला, मुळाला माती होती, तेवढं पंचनाम्यात लिहिता येईल का. ते बशीत चहा ओतून राह्यले होते. म्हणले, "सेठ, तुमच्या काट्याचं पासिंग कवापस्तोर हाय?"
एवढंच. चहा पिऊन गेले. मी दिवसभर घाबरून.

१४ ऑक्टो.
वजनमाप खात्याचा पासिंगचा कागद काढला. मुदत ऑगस्टातच संपली. म्हंजे त्या दिशी माझा काटाच बाद. हे कोर्टात कळलं तर तात्याला आधार, अन् माझं दुकान गोत्यात. सरलाला दाखवला कागद. म्हणली, फाडून टाका, पोलिसाशी वैर घेऊन धंदा होतो का? बायको बराबर बोलून राह्यली. फाडला न्हाई.

१६ ऑक्टो.
जालना, कोर्टाच्या व्हरांड्यात. आज तात्याच्या जामिनाची तारीख. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात काम हाय असं घरी सांगून निघालो. एस.टी.त कौसाबाई होती. तिनं पिशवी मांडीवर घेऊन जागा दिली. आता हितं वकील समोर कागद चाळून राह्यला. माझा कागद अजून खिशात, घामानं ओला झाला. आत तात्याचं नाव पुकारलं. कौसाबाई उठली, माझ्याकडं बघून राह्यली. वही मिटतो, कागद वकिलाच्या हातात देतो.