चौथ्या पेटीतलं मेण

डोणगाव,
६ एप्रिल २०२५

ती. सौ. सुभद्राताईस,
शालिग्रामचा सा. न. वि. वि.

कूलर अकरा, हळद शिजवायचा बॉयलर एक, शेवयांची मशीन एक, आईची चाकाची खुर्ची, आणि आता मोटारगाडी. सगळं माझ्या हातचं. आयटीआयचं तोंड मी पाहिलेलं नाही. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मापं राहून जातात, म्हणून लिहितोय.

तीन दिवाळ्या आपण कंपनीच्या स्वस्त विजेच्या गाडीची वाट पाहिली. स्वस्त ती दोन माणसांची निघते. घरादाराला पुरेल तिला आपला हात पोचत नाही. डायलिसिसनंतर भाऊजींना पेट्रोलच्या वासाने उलटी होते आणि तुला क्लच साधत नाही. म्हणून जुन्या व्हॅनचं इंजिन काढून मी मोटर बसवली. गियर नाहीच. एका चार्जिंगमध्ये एकाहत्तर किलोमीटर, मी स्वतः मोजलेत. तुमच्या घरून खामगाव पन्नासच्या आसपास. भाऊजी चार तास आत, तेवढ्यात गाडी बाहेर चार्ज.

एक तपासणी राहिली आहे. झाली की टेम्पोत घालून आणतो.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा शालिग्राम


जळगाव जामोद,
१४ एप्रिल

चि. शालिग्राम यास अ. उ. आ.

एकाहत्तर वाचून हे हसले. म्हणाले, तुझ्या भावाने आपल्या लग्नातही मांडवाचे बांबू मोजले होते. लय दिवसांनी हसले. पण शुक्रवारी डायलिसिसला गेलेच नाहीत, एसटीत उभं राहवत नाही म्हणाले. पाय सुजलेत, बोट दाबलं की खड्डा पडतो. उद्या कसंही करून नेते, पण पुढे काय? तुझी तपासणी काऊन सरत नाही बापा?

तुझे शेजारी माणिकराव इकडे आले होते. गाडीला मेहकरचं गिऱ्हाईक आलंय म्हणे. देऊन टाक. इथले रामराव मास्तर त्यांची पेट्रोल गाडी दोन लाखांत देतात, चालवायला त्यांचा पोरगा हर्षल येतो म्हणतो. वासाचं काय, नाकाला रुमाल बांधतील. मले तुझी गाडी नको, मले हे पाहिजेत.

बोलले म्हणून अंतर देऊ नको.
तुझी ताई


डोणगाव,
२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शुक्रवारचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. माणिकराव आज तिकडे निघालेत, त्यांच्या हाती हे देतो. तोंडावर मला सांगता येणार नाही.

बॅटरीच्या प्रत्येक पेटीत मी मेणबत्तीचा तुकडा ठेवतो. मेण पातळलं म्हणजे पेटी तापली. इतके दिवस एकदाही पातळलं नाही, कारण गाडीत मी एकटाच बसायचो. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चूक माझी. गेल्या मंगळवारी भर दुपारी तीन माणसांच्या वजनाची तुरीची पोती घातली, तर जानेफळच्या अलीकडेच चौथ्या पेटीतलं मेण तेलासारखं वाहिलं. अशी तापलेली पेटी पेट घेते, तिच्यावर तुम्हाला बसवणार नाही.

मेहकरचा माणूस शाळेची पोरं ने-आण करतो. त्याला ते मेण दाखवलं. म्हणाला, झाकण लावून टाका, मी हळू चालवीन. पोरं किती, विचारलं. अकरा म्हणाला. मी चावी खिशात घातली.

पेट्या सोडवल्यात. मधे हवा खेळेल अशा नव्याने बांधतो. किती दिवस लागतील ते सांगत नाही, ‘एकच तपासणी राहिली’ असं सांगून एकदा चुकलो. मी उद्या पोचतो. परवा मंगळवारी भाऊजींना एसटीने मीच नेतो. जागा मी धरीन, उभं राहायचं ते मी राहीन.

राग धर, पण दार उघडं ठेव.
तुझा शालिग्राम

ता. क. मेहकरच्या माणसाला नाही म्हटलं ती रक्कम माणिकरावांनी सांगितली नसेल. दोन लाख चाळीस हजार, रोख.