गाण्यात मेलेली आई

रेना,

नॅशव्हिलला जाऊन तू गाणं केलंस आणि गाण्यात मला मारून टाकलंस. आता टेनेसीभर रेडिओवर मी रोज मरते. काल डोंगरापलीकडच्या चर्चमधली वर्ना कोंबडी-भाताचं भांडं घेऊन आली, मयताच्या घरी नेतात तसं. दार मीच उघडलं, तर किंचाळली, "अगं बाई, ओपल, तू आहेस की!"

"आई मेल्याशिवाय गाणं खपत नाही गं," मी म्हटलं. भांडं मात्र ठेवून घेतलं.

आज लाँड्रीत कामावर असताना रेडिओवर ते गाणं लागलं. गाण्याच्या शेवटी तू माझीच गुणगुण घेतलीस, तुला निजवताना करायचे ती. वाफेत उभी राहून ऐकत होते. वाटलं, मी खरंच गेलेय, अंगणात चादरी हलताहेत आणि लांबून तू येतेयस. इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं. गाण्यातल्या त्या बाईसाठी मी रडलेसुद्धा. मेली किती गोड होती! मी कुठली तशी?

पण गाण्यातली तू घरी येतेस ती आई गेल्यावर.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. बोलावल्यावर आलीस तर काय मजा? फाटकाला कडी मात्र लावत नाही.

अजून जिवंत असलेली,
तुझी आई