पिठातलं पाऊल

८ जानेवारी, गुरुवार

लिहून टाकतो. तोंडानं कुणाला सांगता येत न्हाई म्हून. ते पाऊल मी उठवलं.

संत्या, माझा दोस्त, सोमवारी गेला. वावरात हळदीच्या पिकाला पाणी द्यायला गेल्ता, मोटरीचा करंट लागला. सांजच्याला जाळून बी आलो. मंग घरी जिथं त्याला ठेवलं होतं, तिथं बायांनी सारवून ज्वारीचं पीठ पसरलं, बाजूला दिवा लावला, पिठावर बांबूचं डालं झाकलं. आपल्याकडं करतेतच. सकाळी डालं उचलायचं आन पिठात काय उठलं ते बघायचं. पाखराचे पाय दिसले तर पाखराचा जन्म, वाकडी रेघ दिसली तर सापाचा.

समदे अंगणात बसल्ते. काकू, म्हंजे संत्याची माय, एकच धरून बसल्ती. "माझं लेकरू किडामुंगी तर होत न्हाई ना? साप तर होत न्हाई ना रे पिंट्या?" मला काय इचारते. मी पाणी प्यायला आत गेलो. आत कुणीच न्हवतं. हात शिवशिवला.

खरं सांगतो, आधी म्हशीचं खूर उठवणार होतो. संत्या असता तर हसून मेला असता. (काय लिहून बसलो. राहू दे.) डालं उचललं तेवढ्यात भाईरून काकूचं रडणं आलं. मंग मूठ आडवी दाबली, वरून बोटानं पाच ठिपके. लेकराचं पाऊल. एकच. डावं.

मंगळवारी डालं उचललं आन काकू किंचाळलीच. "लेकराचं हाय! माणसात येऊन राहिला माझा संतू!" आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब घेतला न्हवता तिनं, त्या टायमाला कपभर चहा पेली.

गोप्या गळ्यात पडला. संत्याचा धाकटा भाऊ, शाळेत माझ्याच वर्गात होता. म्हणे, "पिंट्या, देव हाय रे."

मी म्हणलो, "व्हय."

९ जाने., शुक्र.

जीपवर कामाला गेलो. गोरेगाव स्टँडवर सेनगावच्या सीटा भरून राहिलो होतो. मागच्या सीटवर दोन बाया, आमच्या गावच्या बी न्हाईत. एक म्हणे, "पाच बोटं मोजून घ्या. नखं सुदिक दिसत होती."

नखं? मी नखं न्हाई काढले.

११ जाने., रवि.

जीपमध्ये सायन्सचे सर भेटले. दहावीला दोनदा नापास केलं त्यांनीच. इचारलं, "सर, मेल्यावर काय असतं?" सर म्हणले, "काही नसतं. दिवा इझला की उजेड कुठं जातो?" म्हणलं, "बघून आलात का?" सर म्हणले, "जो म्हणतो हाय, त्यानं सिद्ध करावं. गधड्या, तव्हाच अभ्यास केला असता तर."

मंग मारुतीच्या देवळातल्या महाराजाला इचारलं. ते म्हणले, "जो म्हणतो न्हाई, त्यानं सिद्ध करावं."

म्हंजे दोघं बी एकमेकावर ढकलून मोकळे. मधी मी. त्या दोघांपेक्षा मला जास्त ठाऊक हाय, आन मला काहीच ठाऊक न्हाई.

१४ जाने., बुध.

संक्रांत. संत्याचा दहावा बी आजच. गावात बाया नटून वाण घेऊन फिरून राहिल्या, संत्याच्या दारापशी आल्या की पदर सावरून गपचूप फुडं जातेत. रेखा वहिनी, संत्याची बायको, भिताडाला टेकून बसल्ती. लग्नाला दोन वर्ष बी न्हाई झाले. लेकरू न्हाई. काकू तिला म्हणून राहिली, "रडू नको माय. जाऊ न्हाई राहिला तो. येऊन राहिला."

वहिनी काकूकडं पाहतच न्हवती. माझ्याकडं पाहत होती.

१८ जाने., रवि.

काल तेरवी झाली. आज बैठक. काकूचा भाऊ, साखरा गावचे मामा, मधी बसल्ते.

मामा म्हणले, "पाऊल कोणीकडं तोंड करून होतं?"

काकू म्हणली, "घरात. टाच दाराकडं, बोटं चुलीकडं."

"मंग झालं तर. ह्याच घरात येऊन राहिला तो. आता घरात लेकरू व्हायचं तर कोणाच्या पोटी? रेखाच्या. आन बाप कोण? गोपाल हायच की. घरची सून घरात राहील."

गोप्याचं तोंड असं झालं जसं कुणी मुस्काटात हाणली. वहिनीचा भाऊ आल्ता, वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान हाय त्याचं. तो हळूच म्हणला, "मी तिला न्यायला आल्तो. थोडे दिवस. शिवणकाम शिकते म्हणली होती."

मामा म्हणले, "शिवणकाम शिकायला नवरा परत येऊन राहिला का?"

बोटं चुलीकडं का होते? मी दाराकडून बसल्तो म्हून. कुणी आलं तर पळता यावं म्हून. बस. एवढंच कारण हाय. तिकडून बसलो असतो तर संत्या घराभाईर चालला असता.

१९ जाने., सोम.

गोप्या नाल्यावर बसल्ता. दगडं मारून राहिला पाण्यात.

"मी वहिनी म्हणतो रे त्यायला. त्या मला दादाची उष्टी ताटली उचलू देत न्हवत्या, म्हणायच्या तू लहान हाय. आता तोंड कसं दाखवू?"

म्हणलं, "न्हाई म्हण."

"मायला न्हाई म्हणू? ती जेवून राहिली रे आता. दादा येणार म्हून जेवून राहिली. मी न्हाई म्हणलो आन ती..."

मंग म्हणला, "आन देवानंच दाखवलं तर मी कोण?"

तव्हाच सांगायला पाह्यजे होतं. मी बी एक दगड हाणला पाण्यात.

२१ जाने., बुध.

वहिनी हापशावर भेटली. हंडा भरून राहिली. इकडं तिकडं पाहून म्हणली, "पिंटू भावजी, मागल्या साली गौरीच्या टायमाला पाटलाच्या घरात लक्ष्मीचे पावलं भाईर जाताना कोणी काढले होते?"

मी हसलो. पाटलीणबाई दोन दिवस रडल्ती. संत्या आन मी...

वहिनी हसली न्हाई. "पिठात बी तशीच बोटं होती. अंगठा जरा मोठा."

मी तिच्या हातातून हापसा घेतला आन हापसू लागलो.

"मला राग न्हाई. मला एवढंच कळायला पाह्यजे होतं की ते खरं न्हाई. मला त्यायला पोटात धरायचं न्हाई भावजी. माझा नवरा होता तो."

हंडा उचलून गेली. वसरीपर्यंत पाणी हिंदकळत गेलं.

गुन्हा माझा आन फाशी तिला.

२२ जाने., गुरु.

सांगतलं. काकूला सांगतलं.

ती तांदूळ निवडून राहिली होती. म्हणलं, "काकू, ते पाऊल मी उठवलं. मुठीनं. हे बघा असं." आन तिच्याच तांदळात मूठ दाबून दाखवली. वर पाच बोटं.

तिनं तांदळाकडं पाह्यलं, मंग माझ्या हाताकडं. मला वाटलं मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"काहून केलं?"

"मस्करी. आधी म्हशीचं खूर उठवणार होतो. मंग तुमचं रडणं आलं..."

"म्हशीचं उठवणार होतास."

"व्हय."

"मंग लेकराचं कसं उठलं?"

"मीच उठवलं ना काकू, माझ्या हातानं!"

"हात तुझा असंल. मनात म्हैस होती, पाऊल लेकराचं उठलं. ती बुद्धी कोणी देली?" आन तांदळातल्या पावलाला हात लावून कपाळाला लावला. "जिवंतपणी बी तुमची जोडी. त्याला काही करायचं असलं की तुझ्याच हातानं करायचा."

आता बोला.

चोर म्हणतो चोरी मी केली, आन फौजदार म्हणतो न्हाई, देवानं केली. याच्यावर काय पुरावा देऊ?

२३ जाने., शुक्र.

आज घरी पीठ पसरून डालं झाकलं. माय म्हणली, "कोण मेलं रे मुडद्या?" म्हणलं, उंदीर धरायचा हाय.

२४ जाने., शनि.

डालं उचललं. उंदराचेच पाय. बारीक बारीक. सगळीकडं. पीठ बी खाल्लं.

हसू आलं आधी. मंग एक गोष्ट डोक्यात आली, ती काही केल्या जाईना.

त्या सोमवारी मी आत गेलो न्हसतो तर? डालं तसंच राहिलं असतं तर सकाळी काय असतं? काहीच न्हाई? उंदीर? का अजून काही? आता कधीच कळणार न्हाई. संत्याच्या बाबतीत बघायची एकच जागा होती, एकच खेप, आन तिथं मी हात घातला. तो खरंच आला असंल तर त्याला पाय ठेवायला जागाच ठेवली न्हाई मी.

समद्यायला वाटतं पिंट्याला काही पडली न्हाई. मला बी बघायचं होतं ना.

२५ जाने., रवि.

मामानं गोप्या-वहिनीच्या लग्नाच्या हळदीचा दिवस काढला. पुढचा रविवार.

खरं सांगून झालं. खरं चाललं न्हाई. म्हून आज परत खोटं बोललो.

दुपारी काकूकडं गेलो. घरात ती आन मीच. म्हणलं, "काकू, पहाटं संत्या स्वप्नात आल्ता."

एकदम जवळ सरकली. तीच म्हणल्ती ना तो माझ्या हातानं करतो म्हून. आता माझ्या तोंडानं बोलला तर न्हाई कशी म्हणणार?

"काय म्हणला?"

"म्हणला मी ह्या घरात येऊन न्हाई राहिलो. दुसऱ्या गावात जागा भेटली. रेखाला अडकवू नका. गोप्याला बी."

"कोणत्या गावात?"

"सांगतलं न्हाई."

"रडत होता?"

"न्हाई."

तिनं घरात चौफेर पाह्यलं. मंग एकदम म्हणली, "माझ्या घरात काहून न्हाई? म्या काय केलं त्याला?"



२७ जाने., मंगळ.

काकूनं मामाला तोंडावर सांगतलं, हळद न्हाई, लग्न न्हाई. "त्याची मर्जी न्हाई." मामा चिडून साखऱ्याला गेले.

वहिनी भावासंगं गेली. आमच्याच जीपमध्ये बसली. एक पिशवी. खिडकीतून म्हणली, "भावजी, आता बास करा हं."

म्हणलं, "व्हय वहिनी."

गोप्यानं माझ्यासंगं चहा पेला. त्यानं दोन कप पेले.

३० जाने., शुक्र.

काकू जेवून न्हाई राहिली. परवापासून. गोप्या सांगत आला. दाराकडं तोंड करून बसते, म्हणते माझं घर त्याला नकोसं झालं. डाक्टरनं सलाईन लावली ती उपसून टाकली.

मी एकीला सोडवलं आन दुसरीला...

पहिल्या खोट्यानं जेवत होती. दुसऱ्यानं मरून राहिली.

२ फेब्रुवारी, सोम.

आज काकूनं बोलावणं धाडलं. गेलो. खाटेवर होती, हात असा काडीसारखा. गोप्याला भाईर घालवलं. मला म्हणली, "परत आल्ता का?"

म्हणलं, "आल्ता."

"इचार त्याला एक. लई भाजलं का रे त्याला?"

आता ऐक, जो कोण वाचून राहिला त्यानं. मोटरीपशी पहिला मी गेल्तो. लाकडानं मी ओढलं त्याला. हात मी पाह्यला. तो वास... मी ज्वारीच्या करपल्या भाकरीचा वास आला तरी आता उठून जातो. आन तो लगेच न्हाई गेला. हे मी कुणालाच सांगतलं न्हाई, पोलिसाला न्हाई, गोप्याला न्हाई.

म्हणलं, "इचारलं काकू. म्हणला कळलंच न्हाई. उजेड झाला आन झालं."

"तहान लागल्ती का?"

"न्हाई. हौदातलं पाणी पेऊन मंगच गेल्तो म्हणला."

"माझ्यावर राग हाय का?"

"न्हाई म्हणला. घरात जागा न्हवती म्हून तिकडं गेलो म्हणला. राग काहून धरीन, माय हाय ती."

डोळे मिटले तिनं. मला वाटलं गेली. मंग म्हणली, "गोपाल, दूध आण."

अर्धा कप पेली.

हे समदं मी बोललो, माझ्या डोक्यातून. पण "माय हाय ती" म्हणताना माझा आवाज असा निघाला, जसं कुणी आतून... न्हाई. लिहित न्हाई. मीच बोललो. मला पक्कं ठाऊक हाय मीच बोललो. निदान तसं समजून चाललो.

उद्या परत बोलावलं. गावाचं नाव इचार म्हणली, एकदा जाऊन लांबून पाहून येते. सेनगाव तालुक्यात किती गावं, कोणत्या घरात या महिन्यात लेकरू झालं, मला काय ठाऊक. आन सांगतलं तर ती खरंच जाईल. कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभी राहील.

ही डायरी कुणाच्या हाती लागली तर पाया पडतो दादा, ताई, जो कोण असशील. सांगू नको. गोप्याला न्हाई, मामाला न्हाई, सरायला तर मुळीच न्हाई. मला जोडे हाणा, मी खाईन. पण काकूला सांगू नको. अर्धाच कप पेली हाय अजून.